उन्हाने गेलेली माणसं

हातखंब्याच्या तिठ्यावर ‘बायपास’ हा शब्द जपून उच्चारावा लागतो. हायवे बाहेरच्या बाहेर काढणार अशी आवई अधूनमधून उठते आणि तिठ्यावरच्या झाडून सगळ्या हॉटेलवाल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. त्यामुळे २००१ सालच्या दिवाळीनंतर विमलवहिनी मुंबईहून परत आल्या आणि भावाची बायपास झाली म्हणून सांगू लागल्या, तेव्हा त्यांच्या हॉटेलासमोरच्या पंक्चरवाल्या रामाने पहिला प्रश्न टाकला.

“रस्त्याची की छातीची?”

“डोक्याची.”

“डोक्याची बायपास नसते ओ वहिनी. तुम्ही नीट ऐकलं नसेल.”

“तुझ्या चहात साखर किती ते तुझ्या बायकोपेक्षा मला जास्त ठाऊक आहे, आणि माझ्या भावाच्या डोक्यात काय केलं ते मला ठाऊक नसेल होय रे, मेल्या?”

बाकड्यावरची माणसं हसली. विमलही हसली. हसली आणि आत जाऊन भज्यांच्या पिठात पाणी घालता घालता पदराने डोळे पुसून आली. नवरा आत्माराम कढईपाशी उभा होता. त्याने पाहिलं आणि तो झारा कढईत फिरवत राहिला. तो एरवीही फारसा बोलत नसे. त्या हॉटेलात तेलाचं आणि चुलीचं तो बघायचा, माणसांचं विमल बघायची.

विमला आत्माराम कोतवडेकर. माहेर राजापूर तालुक्यातलं नाटे, समुद्राच्या काठचं. शिक्षण नववी नापास, तेही नापास झाली म्हणून नव्हे, परीक्षेलाच बसली नाही म्हणून. आई तापाने गेली तेव्हा विमल बारा-तेरा वर्षांची आणि धाकटा शिवा नुकता चालायला लागलेला. वडील, म्हणजे आप्पा, दिवसभर शेतात नाहीतर दुसऱ्याच्या होडीवर. शिवाला काखोटीला मारून विमल शाळेत जायची. मास्तर चालवून घ्यायचे, पण पोर फळ्याखाली मुतायचं. शेवटी तिनेच शाळा सोडली. लग्न ठरलं तेव्हा आत्मारामला तिने एकच विचारलं होतं, “माझा भाऊ सुट्टीत आला तर चालेल ना?” आत्माराम म्हणाला होता, “सुट्टी नसली तरी चालेल.” ह्या एका वाक्यावर विमलने त्याच्या मुकेपणाला जन्मभर माफी दिली.

शिवा मोठा झाला, टेम्पो चालवायला लागला. नाट्याची मासळी बर्फात घालून घाटावर न्यायची. वाट जरा लांबची पडली तरी तो तिठ्यावर थांबायचा. “टेम्पोला पाणी हवं,” म्हणायचा आणि स्वतः दोन कप चहा प्यायचा. लग्न झालं, बायको आनंदी गोड स्वभावाची मिळाली, दोन पोरं झाली. तरी तिठ्यावरचं थांबणं चुकलं नाही. विमलची मुलगी ऋतिका, म्हणजे रितू, मामाच्या टेम्पोचा भोंगा ओळखायची.

त्याच बाकड्यावर बसलेला असताना एकदा त्याच्या डाव्या हातातून ग्लास गळून पडला. शिवाने हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. काहीतरी बोलला, पण शब्द चिखलातून काढल्यासारखे आले. विमल धावत येईपर्यंत सगळं ठीक झालं. “झोप नाय झाली गो ताई,” म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. मग पुन्हा एकदा झालं. आणि नंतर पालीच्या अलीकडे टेम्पो गटारात उतरला, तेव्हा विमलने त्याचं काही ऐकून घेतलं नाही. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मुंबईचा रस्ता दाखवला.

मुंबईच्या डॉक्टरांनी चित्रं उजेडावर धरली. मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आतून आवळत चालल्या होत्या. त्यांच्या ऐवजी बारीक बारीक वाहिन्यांचं एक जाळं तयार झालं होतं, चुलीतून धूर निघावा तसं. डॉक्टर म्हणाले, हा दुर्मीळ आजार आहे, औषधाने बरा होत नाही. कानापुढची कातडीखालची रक्तवाहिनी कवटीला भोक पाडून आत घ्यायची आणि मेंदूवरच्या वाहिनीला टाचायची. म्हणजे रक्ताला दुसरी वाट मिळेल.

“म्हणजे तिठा करायचा,” विमल म्हणाली.

“काय?”

“काही नाही. करा.”

केलं. शिवा बरा झाला. हातात पकड आली, जीभ सरळ झाली, टेम्पोवर मात्र त्याने माणूस ठेवला आणि स्वतः बाजूला बसू लागला. डोक्यावरची व्रणाची रेघ केसांत लपली. कपाळाच्या बाजूला बोट लावलं की आत वाहिनी उडताना लागायची. त्याची पोरं पाळीपाळीने बोट लावायची आणि शिवा म्हणायचा, “इंजिन चालू हाय. हात काढा, चटका बसेल.”

दोन-अडीच वर्षं अशी गेली. २००४च्या वैशाखात तपासणीला मुंबईला गेले, विमल, आप्पा आणि शिवा. शिवाला अलीकडे डोकं दुखायचं, पण तो ते उन्हाळ्यावर ढकलत होता. डॉक्टरांनी नवी चित्रं पाहिली आणि शिवाला बाहेर बसायला सांगितलं.

जिथे वाहिनी जोडली होती, तिच्या पलीकडे भिंतीला फुगवटा आला होता. वाटाण्याएवढा. सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा, डॉक्टर म्हणाले. नव्या वाटेने रक्त जोरात जातं, भिंत कच्ची असली की फुगते, आणि फुगलेली भिंत कधीतरी फुटते. फुटली की मेंदूत रक्त सांडतं.

“मग काढून टाका,” विमल म्हणाली.

“त्याच जागी दुसऱ्यांदा डोकं उघडायचं म्हणजे धोका मोठा आहे. हात जाऊ शकतो, वाचा जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. काही फुगवटे वर्षानुवर्षं तसेच राहतात. म्हणून एक गोष्ट मला नीट आठवून सांगा.” डॉक्टरांनी आप्पांकडे वळून पाहिलं. “तुमच्या घराण्यात कुणी डोक्यात रक्तस्राव होऊन गेलंय? अचानक डोकं धरलं, उलट्या झाल्या, मान ताठली, बेशुद्ध पडला, असं कुणी? भाऊ, बहीण, वडील? हा भिंतीचा कच्चेपणा काही घराण्यांत रक्तातून येतो. कुठल्या जनुकातून येतो ते अजून कुणाला नक्की सांगता येत नाही, जगभर शोध चाललाय. पण घराण्यात असेल तर मी वाट बघणार नाही. नसेल तर गोळ्या देतो, तंबाखू बंद, ओझं उचलायचं नाही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघू.”

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “नाय. आमच्यात असला आजार कुणाला नाय.”

डॉक्टरांनी विमलकडे पाहिलं.

“सगळे ठणठणीत,” विमल म्हणाली. “आजोबा तेवढे उन्हाने गेले. आणि एक आत्या. ती पण उन्हानेच.”

“ऊन लागून माणसं जातात, ते वेगळं,” डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या.

परत येताना विमलला हायसं वाटलं होतं. घराणं स्वच्छ निघालं होतं, जणू काही आपणच परीक्षेत पास झालो.

आषाढात आजोबांची तिथ असते. आप्पांच्या वडिलांची. विमल त्या दिवशी दरवर्षी नाट्याला जाते. आनंदी एकटी पडते म्हणून आणि भरड्याचे वडे आपल्याशिवाय कुणाला जमत नाहीत अशी तिची खात्री म्हणून. त्या वर्षी पाऊस असा लागला होता की समुद्र आणि आभाळ ह्यांतली रेघ पुसून गेली होती. फोन आठवडाभर बंद. पडवीत माणसं बसली होती, भाऊबंद, शेजारी आणि म्हातारा सखाराम, जो आप्पांच्या बरोबरीचा आणि प्रत्येक तिथीला न बोलावता येणारा.

विमल आत तेलापाशी बसली होती. पडवीतलं सगळं ऐकू येत होतं.

“ह्याच्यापेक्षा मोठा पाऊस होता तुझा बापूस गेला तेव्हा,” सखाराम सांगत होता. “आठवतंय ना रे? सरण पेटेना. लाकडं सगळी भिजलेली. मग आम्ही चौघे चार कोपऱ्यांना माडाची झापं धरून उभे, वरून पाणी, खालून धूर. माझ्या भुवया जळल्या त्या तेव्हा.”

“तुझ्या भुवया जन्मापासून नव्हत्या,” कुणीतरी म्हणालं.

“होत्या! बायको सांगेल.”

“बायको सांगते मिशी पण होती म्हणून.”

हशा झाला. सखाराम रेटून पुढे बोलला. “लावणी चालली होती. भटीचा मळा. हा म्हातारा इरलं घालून वाकलेला. सरळ झाला, दोन्ही हातांनी डोकं धरलं, म्हणाला, ‘कोणी मारलं रे मागून?’ कोणी मारतंय? मागे कोण नव्हतं. ओकला. मान अशी ताठ, लाकडासारखी. घरी आणेपर्यंत संपला.”

विमलच्या हातातला वडा तेलात पडायचा तो चुलीच्या कडेला पडला.

इरलं पावसात घालतात. लावणी आषाढात होते. ती लहानपणापासून ह्या तिथीला वडे तळत आली होती, दर वर्षी पावसात भिजत नाट्याला येत होती, आणि दर वर्षी कुणी विचारलं तर सांगत होती, आजोबा उन्हाने गेले.

तिने कढई उतरवली. चूल तशीच धगधगत राहिली. आनंदी म्हणाली, “ताई, काय झालं?” विमल उठली. पडवीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “आप्पा, जरा मागच्या दारी या.”

“कावळ्याला वाडी ठेवायची हाय अजून.”

“कावळा थांबेल. तुम्ही या.”

मागच्या दारी पागोळ्यांचा पडदा लागला होता. बोलणं आत जाणार नाही एवढा आवाज पाण्याचाच होता. आप्पा धोतर वर धरून उभे राहिले.

“आप्पा, आजोबांना आषाढात ऊन कसं लागलं?”

आप्पांनी पाण्याकडे पाहिलं. “तसंच म्हणतात.”

“कोण म्हणतात?”

“माझ्या चुलत्याने नाव ठेवलं ते. घरात सगळे तसंच म्हणायचे.”

“आणि द्वारकी आत्या? तिचा महिना कुठला?”

आप्पा धोतराचा ओला सोगा पिळू लागले.

“आप्पा, मी विचारते.”

“मार्गशीर्ष. सकाळी विहिरीवर पाणी शेंदत होती.” म्हाताऱ्याचा आवाज बसला. “तिनेही डोकंच धरलं. तिच्या सासरची माणसं बोलायला लागली, ह्यांच्या घराण्यात काहीतरी हाय, ह्यांना कुणाचा तरी शाप हाय. आमच्या चुलतबहिणी होत्या लग्नाच्या. काय सांगायचं होतं लोकांना? ऊन म्हटलं की कोणी पुढं विचारत नाय गो. ऊन कुणालाही लागतं.”

“मार्गशीर्षात? पहाटेच्या थंडीत?”

“कोणी विचारलं नाय. तू तरी इतक्या वर्षांत विचारलंस?”

हे मात्र खरं होतं आणि म्हणूनच विमलला ते सुरीसारखं लागलं. तिने विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा उत्तर तिच्या तोंडात होतं. नुसतं होतं असं नाही, तिने ते बोलूनही दाखवलं होतं. आणि बोलूनही ते पोचलं नव्हतं.

“डॉक्टरांनी तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं आप्पा. डोकं धरलं, ओकला, मान ताठली. एकेक खूण सांगितली होती. तेव्हा तुम्हाला बाप आठवला नाही?”

“आठवला.” आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “आठवला गो. पण तोंडातून ‘नाय’ असंच निघून गेलं. पन्नास वर्षं नायच म्हणत आलोय. आणि रितूचं जमतंय. पावस गावची माणसं श्रावणात येणार हायत म्हणालीस ना तू? घराण्याला खोड हाय म्हणून एकदा कागदावर लागलं की…”

“शिवा मरेल!” विमल ओरडली. पावसाच्या वर आवाज गेला. “रितूचं लग्न मोडलं तर दुसरं जमेल. शिवा दुसरा कुठून आणू?”

आप्पा खाली बसले, तिथेच, ओल्या जोत्यावर. तिने त्यांना उठवलं नाही.

शिवाला समजावणं सर्वांत कठीण गेलं. तो पडवीत खांबाला टेकून बसला होता, हातात पोरांसाठी सोललेला ओला नारळ. ऐकून घेतलं आणि हसला. “म्हणजे आजोबाला इरल्यात ऊन लागलं? माझ्या टेम्पोला तर टपबी नाय.”

“शिवा, हसू नको. आत्ताच्या आत्ता निघायचंय.”

“ताई, सहा महिने म्हणालेत ना डॉक्टर? मग नोव्हेंबरात जाऊ. आत्ता रस्ते बघ. दुसऱ्यांदा डोकं उघडायचं तर हात जाईल, वाचा जाईल, असं तेच म्हणाले ना? मी बरा हाय असा. जेवढा हाय तेवढा.”

“ते सहा महिने माझ्या उत्तरावर दिलेत. उत्तर चुकलंय.”

“आणि नसेल चुकलं तर? म्हातारा सखाराम काय बी सांगतो. भुवयांचंच बघ.”

आनंदी मधल्या दारात रडत होती. विमलने भावाच्या पाठीत एक धपाटा घातला, लहानपणी घालायची तसा, आणि मग त्याच हाताने त्याच पाठीवर हात फिरवत राहिली. शिवा तिच्याकडे नाही, पलीकडे बघत होता. आप्पा आतून बाहेर आले होते. खाकी पिशवीत त्यांनी स्वतःचं धोतर, टॉवेल आणि पानाचा डबा भरला होता. पानाचा डबा पुन्हा बाहेर काढून त्यांनी कोनाड्यात ठेवला.

“आप्पा, तुम्ही कुठं?”

“तुझ्याबरोबर. मला बोलायचं हाय डॉक्टरांशी.”

तेव्हा शिवाने नारळ खाली ठेवला.

आनंदीला पोरांपाशी ठेवून तिघांनी मिळेल त्या पहिल्या एसटीने राजापूर गाठलं. स्टँडसमोरच्या बूथवरून विमलने मुंबईला फोन लावला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा ते स्वतः आले. तिने श्वासही न घेता सगळं सांगितलं, इरलं, आषाढ, विहीर, मार्गशीर्ष.

“हॅलो? डॉक्टर?”

“ऐकतोय. तुम्ही तेव्हा ‘उन्हाने’ म्हणाला होतात.”

“हो.”

“मी महिना विचारायला हवा होता,” डॉक्टर म्हणाले. “त्यांना घेऊन आजच निघा. शक्यतो हादरे नकोत.”

हादरे नकोत! पावसाळ्यातला तो हायवे, आणि हादरे नकोत. विमलने दुसरा फोन तिठ्यावर लावला. ते हातखंब्याला पोचले तेव्हा रामाच्या मेव्हण्याची सुमो हॉटेलासमोर उभी होती, मागच्या सीटवर गादी घातलेली. ऋतिकाने थर्मास भरून दिला आणि मामाच्या पायाशी उशी लावली. आत्माराम दाराशी उभा होता. विमलला म्हणाला, “इकडचं बघतो.” रामाने टायरमधली थोडी हवा कमी करून दिली. “दणके कमी बसतील,” म्हणाला.

संगमेश्वर गेलं, चिपळूण गेलं. शिवा डोळे मिटून गाणी गुणगुणत होता, अर्धवट, शब्द विसरलेली. विमल त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी ते धरत होती, पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं धरावं तसं. कशेडीचा घाट उतरताना तो गुणगुणायचा थांबला.

“ताई, मानेत कसंतरी होतंय.”

“कसं?”

“कोणीतरी मागून मारल्यासारखं.”

पुढच्या सीटवर बसलेल्या आप्पांनी मान वळवली. त्यांचा चेहरा विमलने पाहिला आणि तिला समजलं, की हे वाक्य त्यांनी आधी एकदा ऐकलेलं आहे. त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. “बाबा, आता हळू नको. आता जोरात चल.”

माणगावच्या पुढे तो ओकला. मग बोलणं थांबलं. पण श्वास चालू होता आणि विमल त्याच्या तोंडाजवळ गाल धरून तो श्वास गालावर घेत राहिली. वडखळला ट्रकांची रांग लागली होती. आप्पा खाली उतरले आणि भर पावसात, टोपी हातात धरून, एकेका ट्रकच्या पुढे उभे राहून गाडीला वाट काढून देत चालत गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा. ट्रकवाले आधी शिव्या देत होते, मग त्याचं तोंड बघून गप्प व्हायचे आणि गाडी कडेला घ्यायचे.

मुंबईत पोचताच शिवाला आत नेलं. बाहेर एक लांब बाकडं होतं. विमल आणि आप्पा त्या बाकड्याच्या दोन टोकांना बसले. मधे जागा होती. ती भरायला कुणीच सरकलं नाही. तिला त्यांचा राग आला होता, आणि स्वतःचा त्याहून जास्त, आणि ह्या दोन्ही रागांना आता काही उपयोग नव्हता. शेजारी एक बाई कुणासाठी तरी जप करत होती. विमलला जप आठवेना. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. वैशाखात आपण एवढंच म्हटलं असतं, की ‘कसे गेले ते मला ठाऊक नाही’, तरी चाललं असतं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. फुगवटा वाटेतच झिरपायला लागला होता, ते म्हणाले. भिंत कांद्याच्या पापुद्र्यासारखी होती. चिमटा बसवलाय. रक्त थांबलंय.

“जगेल?”

“आत्ता जिवंत आहे. शुद्धीवर कधी येईल, कसा येईल, ते मी सांगू शकत नाही.”

“मेमध्येच केलं असतं तर?”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायचा त्यांचा चेहरा नव्हता, आणि खरं बोलायला त्यांना जड जात होतं. त्यांनी फक्त तिच्या शेजारची रिकामी जागा पाहिली आणि तिथे बसले, दोघांच्या मधे.

“बाबा, आता मला सगळं पहिल्यापासून सांगा.”

आप्पा बोलू लागले. वडील, आषाढ, डोकं धरलं. बहीण द्वारकी, मार्गशीर्ष, विहीर, डोकं धरलं. डॉक्टर कागदावर चौकोन आणि गोल काढत होते, रेघांनी जोडत होते. आप्पा थांबले. डॉक्टरांना वाटलं संपलं. त्यांनी पेनला टोपण लावलं.

“अजून एक,” आप्पा म्हणाले.

विमलने चमकून पाहिलं.

“माझा थोरला भाऊ. गणू. शाळेतून येताना बांधावर बसला तो उठला नाय. पौषात. दहा-अकरा वर्षांचा असेल. आईने घरात त्याचं नाव घ्यायचं बंद केलं, म्हणून आम्हीपण नाय घेतलं.” ते विमलकडे वळले. “तुझ्या आईलाही माहीत नव्हतं.”

डॉक्टरांनी टोपण काढलं आणि आणखी एक चौकोन काढला. कागदावर आता वरून खालपर्यंत रेघा येत होत्या. आप्पांच्या खाली शिवाचा चौकोन होता आणि त्याच्या शेजारी एक रिकामा गोल. तो आपला आहे हे विमलला सांगावं लागलं नाही. त्या गोलाखाली ऋतिका होती. शिवाच्या चौकोनाखाली त्याची दोन पोरं.

“हा आजार प्रत्येकाला होईलच असं नाही,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. “बाबांना नाही झाला. पण तुम्हा सगळ्यांची तपासणी करायलाच हवी. आधी वेळेत कळलं तर पुष्कळ करता येतं. भीती वाटत असेल तर…”

“भीती वाटतेच आहे,” विमल म्हणाली. “आधी मला घ्या. मी केलं की पोरं घाबरणार नाहीत.”

तिने आत्मारामला फोन लावला. शिवाचं सांगितलं. मग म्हणाली, “पावसच्या माणसांना तारीख द्यायच्या आधी घरी जाऊन सांगून या. आमच्याकडच्या रक्तात काय आहे ते. आडून नको, सरळ. त्यानंतर यायचं असेल तर येऊ देत.”

पलीकडे कढईचा आवाज येत होता. आत्माराम म्हणाला, “रितू इथंच उभी आहे. ऐकतेय.”

“ऐकू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला तपासणीच्या खोलीशी नेलं. तिथल्या मुलीने सांगितलं, अंगावर लोखंड, सोनं, चांदी काहीही चालणार नाही. बांगड्या निघाल्या. कानातली निघाली. जोडवी बोटांत रुतली होती, पंचवीस वर्षांची. ती मुलगी साबण घेऊन आली आणि खाली बसून फिरवून फिरवून काढू लागली. राहिलं मंगळसूत्र. विमल क्षणभर थांबली. मग ते काढून तिने आप्पांच्या हातात दिलं. म्हाताऱ्याने मूठ मिटली आणि दोन्ही हातांत ती मूठ धरून भिंतीशी उभा राहिला.

“आजी, पंधरा-वीस मिनिटं लागतील. डोकं अजिबात हलवायचं नाही,” ती मुलगी म्हणाली. तिला कुणी पहिल्यांदाच आजी म्हणत होतं. “आत खूप आवाज येतो. घाबरू नका. काही बोलायचंय का आधी?”

“माझा भाऊ वरच्या मजल्यावर आहे,” विमल म्हणाली. “तो जागा झाला तर मधेच मला बाहेर काढाल?”

“काढू.”

फळी आत सरकली. कानांवर जाड पट्टी होती, तरी आवाज सुरू झाला तो हाडांत जाऊन बसला. विमलने डोळे मिटून डोकं घट्ट धरून ठेवलं, जराही हलू न देता, आणि कुणी थांबवायला येतंय का ते ऐकत पडून राहिली.